पांढऱ्या पेल्याची गोष्ट

दिवाळीच्या अंकात पोटाविषयी एखादा लेख असावा, हे तसे न्यायाचेच आहे. चार दिवस चकल्या, करंज्या, अनारसे आणि शेव यांचा मारा सोसून पाचव्या दिवशी जो अवयव कुरकुर करू लागतो, त्याची आठवण आपण एरवी कधी काढतो? घरातील वडीलधारी मंडळी ओव्याची पूड शोधू लागतात, कोणी हिंग्वाष्टकाची बाटली पुढे करतो, आणि 'मी तर फक्त दोनच खाल्ल्या' असे सांगणारा प्रत्येक जण मनातल्या मनात खरा आकडा मोजीत असतो. पोट मात्र काही बोलत नाही. ते दुखते, जळते, गुरगुरते. पण आत काय चालले आहे ते दाखवीत नाही. ह्या अबोल अवयवाचे चित्र माणसाने प्रथम कसे काढले आणि ते चित्र आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला किती अंतर तुडवून मिळाले, त्याची हकिकत आज सांगावयाची आहे.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन शेजारचे तालुके. २०१४ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर वेगळा झाला, तरी हे दोघे ठाण्यातच राहिले. शहापुराच्या डोक्यावर माहुलीचा किल्ला, मुरबाडच्या पाठीशी नाणेघाट आणि सिद्धगड. भाताची खाचरे, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशी कष्टाळू वस्ती. माझे बालपण ह्याच दोन तालुक्यांच्या मधल्या रस्त्यावर गेले. वडील शहापूरकडे शिक्षक, आणि आत्याचे घर मुरबाड तालुक्यात सरळगावच्या बाजूला.

आमच्याकडे पोटाच्या दुखण्याला नावे थोडी नव्हती. पोटात गोळा उठणे, बेंबी सरकणे, करपट ढेकर, मुरडा, कळ, जळजळ. प्रत्येकाचा उपाय वेगळा. बेंबी सरकली तर जाणती बाई पोट चोळून ती जागेवर आणी. दुखणे फार दिवस राहिले तर बिब्ब्याचे डाग पोटावर उठत. काही ठिकाणी तापलेल्या लोखंडाचे. आमच्या लहानपणी ओढ्यावर आंघोळ करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पोटावरचे ते काळे ठिपके आम्ही मोजत असू. त्या ठिपक्यांना हसू नये. आतले काही दिसत नसले म्हणजे माणूस बाहेरूनच खुणा करतो.

आपल्या वैद्यकाने न पाहताही पुष्कळ ओळखले होते. माधवकराच्या 'माधवनिदान' ग्रंथात अन्न पचत असताना उठणाऱ्या शूळाला 'परिणामशूल' असे वेगळे नाव आहे, आणि जेवणाच्या वेळेशी संबंध न ठेवता छळणारा 'अन्नद्रवशूल' वेगळा सांगितला आहे. रोगी केव्हा कण्हतो, ओकल्यावर त्याला बरे वाटते की नाही, एवढ्यावरून केलेला हा भेद आहे. पुढे जठरातला व्रण आणि आतड्याच्या तोंडाशी असलेला व्रण यांतला फरक डॉक्टर मंडळी सांगू लागली, तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न हाच असे: दुखते केव्हा, जेवण्याआधी की जेवल्यावर?

तरीही पोट उघड्या डोळ्यांनी पाहावे ही इच्छा माणसाला गप्प बसू देत नव्हती. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट ह्या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवले. पण जखम भरली ती अशी की पोटाला बाहेरून एक भोक कायमचे राहिले. देवाने जणू खिडकीच ठेवली! बोमाँटने रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाकरीचे तुकडे बांधून त्या खिडकीतून आत सोडले, ठराविक वेळाने बाहेर ओढले आणि कोणता पदार्थ किती वेळात विरघळतो त्याची टिपणे ठेवली. १८३३ साली त्याचे पुस्तक निघाले. तो खिडकीवाला माणूस पुढे १८८० पर्यंत जगला, लग्न करून संसार केला. डॉक्टर मात्र त्याच्या आधी पुष्कळ वर्षे गेले होते.

दुसरी युक्ती जर्मनीत निघाली. १८६८ साली कुसमाउल नावाच्या डॉक्टरला वाटले की जत्रेत तलवार गिळणारा माणूस जर पोलादाचे पाते घशाखाली उतरवू शकतो, तर पोकळ नळी का नाही? त्याने तसा एक तलवार गिळणाराच गाठला आणि त्याच्या घशातून सरळ नळी पोटात उतरवली. नळी गेली, पण उजेड पुरेना. आत अंधारच.

हा अंधार हटण्याची सुरुवात झाली ती ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग गावी. विल्हेल्म राँटगेन हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडून पाहत होता. खोलीत काळोख होता, आणि थोड्या अंतरावर पडलेला एक पडदा आपोआप चमकू लागला. कागदातून, लाकडातून, हाताच्या मांसातून पार जाणारे हे किरण कोणते, हे ठाऊक नसल्यामुळे गणितात अज्ञाताला देतात तेच नाव त्याने त्यांना दिले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. हाडे आणि बोटातली अंगठी स्पष्ट उमटली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले, आणि ह्या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही.

तो चमकलेला पडदा कशाचा होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याला बेरियम नावाच्या धातूचा एक क्षार फासलेला होता. हे बेरियम आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

नवे यंत्र युद्धाच्या कामाला किती लवकर लागते ते पाहा. १८९७-९८ मध्ये इंग्रज सरकारने वायव्य सरहद्दीवर तिराहची मोहीम काढली, तेव्हा सर्जन-मेजर बीव्हर यांनी क्ष-किरणांचे यंत्र त्या डोंगराळ मुलखात नेऊन शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. शोधाला तीन वर्षेही झाली नव्हती. ह्याचा अर्थ असा की, जेथे पोहोचवायचे मनात असते तेथे यंत्र पोहोचते. हाच हिशेब आपल्याला पुढे घाटाखालच्या गावांना लावून पाहावयाचा आहे.

गोळी दिसली, हाड दिसले. पोट मात्र दिसेना. कारण सोपे आहे. हाडात चुन्याचा अंश असतो, तो किरणांना अडवतो, म्हणून त्याची छाया पडते. जठर, आतडी, यकृत ही सगळी मऊ आणि जवळजवळ सारख्याच घनतेची. किरण सर्वांतून सारखेच आरपार जातात. धुक्यात पांढरे धोतर नेसून उभा असलेला माणूस शोधावा, तसे ते होते. मग धुक्यातल्या माणसाच्या हाती काळी घोंगडी द्यावी, म्हणजे तो दिसेल! पोटात असे काहीतरी घालावे की जे किरणांना अडवील, आणि त्याच्या छायेवरून पोटाचा आकार कळेल.

ही कल्पना अमलात आणली ती वॉल्टर कॅनन ह्या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने. १८९६ सालच्या डिसेंबरात, म्हणजे वैद्यकीच्या पहिल्या वर्षात असताना, त्याने एका राजहंसाला बिस्मथ नावाच्या जड धातूची पूड भरलेल्या गोळ्या चारल्या आणि त्या लांबलचक मानेतून घास कसा खाली उतरतो ते पडद्यावर पाहिले. मग मांजरांकडे वळून १८९८ मध्ये त्याने जठराच्या हालचालींवर निबंध लिहिला. जठर स्वस्थ बसलेले नसते. त्यावरून लाटा जात असतात, हे त्यात जिवंत प्राण्यात पाहून सांगितले होते. पण त्याहून मोठी गोष्ट त्याला ओघात सापडली. मांजर घाबरले किंवा चिडले की त्या लाटा एकदम थांबत. ते शांत झाले की पुन्हा सुरू होत. 'भीतीने पोटात गोळा आला' असे आपण म्हणतो, त्याची ही पडद्यावरची साक्ष होय. ह्या माणसाला त्या किरणांची किंमतही द्यावी लागली. त्या काळी कोणी अंगाला शिशाचा पत्रा लावीत नसे. १९४५ साली तो वारला, त्या व्याधीचे मूळ त्या जुन्या प्रयोगांत होते असे मानले जाते.

माणसाच्या पोटासाठी हा प्रयोग १९०४ च्या सुमारास म्युनिकच्या हेरमान रीडर ह्यांनी रूढ केला. त्यांनी बिस्मथचा क्षार धान्याच्या पेजेत कालवला आणि रोग्यास पाजला. होय, पेजच! आमच्याकडे तापातून उठलेल्याला जी देतात तीच. 'रीडरचे जेवण' ह्या नावाने ती युरोपभर गाजली. पण त्या क्षारात एक खोड होती. काही रोग्यांच्या आतड्यांत त्याचे रूपांतर विषारी द्रव्यात होई, आणि तपासणीने माणूस दगावल्याची उदाहरणे घडली. शिवाय बिस्मथ महाग. स्वस्त, जड आणि निरुपद्रवी असा दुसरा पदार्थ हवा होता.

आता बेरियमची पुन्हा एंट्री. ह्या धातूचे खनिज हातात घेतले की दगडाच्या मानाने फार जड लागते. ग्रीक भाषेतल्या 'जड' ह्या अर्थाच्या शब्दावरूनच त्याचे नाव पडले. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील बोलोन्या येथील एका मोच्याला असे जड दगड सापडले, त्याने ते भट्टीत भाजले आणि ते अंधारात चमकू लागले. त्या वेळी लोकांना वाटले परीसच मिळाला. सोने काही झाले नाही. पुढे त्याच खनिजाची पांढरी पूड रंगाच्या कारखान्यात जाऊ लागली. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथे ह्या खनिजाचा फार मोठा साठा आहे. जगातल्या मोठ्या साठ्यांत त्याची गणना होते.

गंमत अशी की बेरियमचे पाण्यात किंवा पोटातल्या आम्लात विरघळणारे क्षार जहाल विषारी. त्यातला एक तर उंदीर मारण्यासाठी वापरीत. पण बेरियम सल्फेट हा क्षार पाण्यात विरघळत नाही आणि जठरातल्या आम्लालाही दाद देत नाही. पोटात जातो, छाया देतो, आणि जसा गेला तसाच बाहेर पडतो. १९१० साली बॉन येथे बाखेम आणि ग्युंटर यांनी तो बिस्मथच्या जागी सुचवला, आणि तेव्हापासून तोच पांढरा पेला जगभर चालू आहे. त्याच एका घरातला एक भाऊ विष आणि दुसरा औषधाचा सोबती! मात्र पूड शुद्ध हवी. २००३ साली ब्राझीलमध्ये विषारी क्षाराची भेसळ झालेली पूड रोग्यांच्या पोटात गेली आणि अनेक माणसे मेली. म्हणून हे द्रव्य कोणीही रंगाच्या दुकानातून आणून पाजावयाचे नसते.

पूर्वीची तपासणी पाहण्यासारखी असे. खोली पूर्ण काळोखी, कारण पडद्यावरचा उजेड चांदण्याहूनही मंद. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून डॉक्टर आधी वीस-तीस मिनिटे लाल काचांचा चष्मा लावून बसत. रोग्याला पडद्यामागे उभे करीत आणि पांढऱ्या, घट्ट, खडूच्या चवीच्या द्रवाचा पेला हाती देत. 'घोट घ्या' म्हटले की एक घोट. अन्ननलिकेतून ती काळी रेघ सरसर खाली उतरे, जठराच्या पिशवीत साचे, मग टेबल आडवे करून रोग्याला कुशीवर, पालथे, उताणे फिरवीत. डॉक्टर हाताने पोट दाबून पाहत. जठराच्या भिंतीला व्रणाचा खड्डा असेल तर त्यात बेरियम साचून भिंतीबाहेर एक कोनाडा दिसे. व्हिएन्नाच्या मार्टिन हाउडेक यांनी १९१० मध्ये ही खूण ओळखून दिली. भिंतीतून आत वाढलेली गाठ असेल तर उलट, भरलेल्या छायेतून एखादा लचका तोडल्यासारखी मोकळी जागा दिसे. अन्ननलिकेचे खालचे तोंड उघडेनासे झाले असेल तर पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते टोक. ही सर्व छायेची भाषा आहे. ती वाचण्यास वर्षे घालवावी लागतात.

एवढे सगळे होण्यास काय लागते? वीज लागते, यंत्र लागते, ते चालवणारा जाणकार लागतो आणि रात्रीपासून उपाशी राहिलेला रोगी लागतो. ह्या चारांपैकी उपाशी माणसांची आमच्याकडे कधीच वाण नव्हती. बाकीची तीन मुंबईला होती.

विजेचेच घ्या. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात ही कथा, तर तालुक्याच्या दवाखान्याची गोष्टच नको. पण आमच्या शहापूर तालुक्यातून वीज जात नव्हती असे मात्र नाही. १९३० च्या सुमारास कल्याण ते इगतपुरी रेल्वेचे विद्युतीकरण झाले आणि वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ह्या स्टेशनांवरून विजेच्या गाड्या धावू लागल्या. तारा डोक्यावर आणि खाली झोपडीत चिमणी! त्याच्याही आधी, १८९२ साली, तालुक्यातच तानसेचे धरण पुरे होऊन त्याचे पाणी नळांतून मुंबईला गेले. मग मोडकसागर आला, मग भातसा. आज मुंबई जे पाणी पिते त्याचा निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसेचा आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. गाडी, तार आणि नळ ही तिन्ही आमच्या शेतांमधून मुंबईला गेली. त्यांच्या पाठोपाठ आमचा रोगीही गेला.

मुरबाडकराची पंचाईत त्याहून मोठी. त्याच्या तालुक्यात आगगाडीच नाही. एस. टी. १९४८ साली सुरू झाली, ती पुढे गावोगाव आली; तरी पावसाळ्यात ओढे भरले की टोकावडे-धसईकडच्या माणसाने थांबावयाचे. मुरबाडहून कल्याण सुमारे तीस किलोमीटर, कल्याणहून बोरीबंदर आणखी पन्नासच्या वर. आकड्यांत हे फार नाही. पण तपासणी सकाळी आणि रिकाम्या पोटी, ही अट त्यात घाला. घरून पहाटे निघून वेळेवर पोहोचणे शक्य नाही; म्हणून आदल्या दुपारीच निघावयाचे, कल्याणला कोणाच्या तरी भाच्याकडे मुक्काम करावयाचा, यजमानीण बाई ताट वाढीत असता 'नको, उद्या फोटो आहे' म्हणून हात आखडता घ्यावयाचा, आणि पहाटेची लोकल. वाटेत कोणी चहा पाजला तर सगळे मुसळ केरात! 'चहा म्हणजे काय खाणे आहे?' असे डॉक्टरशी वाद घालणारे रोगी होते, आणि त्यांना दुसरी तारीख घेऊन परत यावे लागले. दुसरी तारीख म्हणजे पुन्हा दोन दिवसांची मजुरी आणि पुन्हा दोन माणसांचे भाडे. शहरातल्या माणसाला उपाशी राहण्याची वेळ तासांत मोजता येते. आमच्याकडे ती मैलांत मोजावी लागे.

माझ्या आत्याची गोष्ट १९६८ सालची. उभी हयात भाताच्या खाचरात वाकलेली, हाडापेराने मजबूत बाई. तिने प्रथम भाकरी कालवणात कुस्करून खाण्यास सुरुवात केली. घरच्यांनी मानले, दात गेले. मग भाकरी सोडून भात, मग भात सोडून पेज. ती म्हणे, "घास इथं अडतो," आणि छातीच्या मध्यावर बोट ठेवी. देवर्षी झाले, डाग झाले. शेवटी मुरबाडच्या एका भल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाचे नाव सांगितले. मी तेव्हा कॉलेजात होतो. लिहिता-वाचता म्हणून सोबत मला धाडले. पहिल्या खेपेस आम्ही पोहोचलो तर यंत्र बंद पडलेले होते. तीन आठवड्यांनी पुन्हा. एकादशीची सवय असलेल्या आत्याने दोन्ही वेळा पाणीसुद्धा तोंडात घेतले नव्हते.

दुसऱ्या खेपेस मला दारापर्यंत येऊ दिले. आतून त्या तंत्रज्ञाचा आवाज ऐकू येई, "आजी, घोट घ्या. आता श्वास धरा." पेला पाहून आत्या म्हणाली, "पोरा, एवढा चुना तर माझ्या घराच्या भिंतीला लागला नाही." आतले सगळे हसले. मग ते डॉक्टर अंधारातच तिच्याशी बोलू लागले, भात किती पिकतो, म्हशी किती, म्हशाच्या जत्रेला जाता का. मला तेव्हा ते वेळ घालवणे वाटले. कॅननच्या मांजराची हकिकत वाचली तेव्हा कळले, भेदरलेल्या माणसाचे पोट थिजते. त्याला धीर देणे हाही तपासणीचाच भाग असतो.

चित्र स्पष्ट आले. अन्ननलिकेच्या खालच्या भागात ती रुंद काळी रेघ एकदम वेडीवाकडी होऊन उंदराच्या शेपटीएवढी बारीक झाली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, घास अडकू लागून किती दिवस झाले? मी सांगितले, आठ महिने. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षीची भाताची लावणी आत्याने पाहिली नाही.

तिच्या हातातल्या त्या पेल्याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. पूड कोठून आली असेल ते असो. पण ती ज्या पाण्यात कालवली होती ते मुंबईच्या नळाचे, म्हणजे तानसा-वैतरणेचे. आमच्या डोंगरावरचा पाऊस नळातून मुंबईस जाऊन तेथे पेल्यात उतरला, आणि तो पिण्यास आमचे माणूस दोन दिवसांचा उपास करून तेथवर गेले. पाणी शंभर किलोमीटर वाहून नेण्याची अक्कल १८९२ साली होती. तो पेला तालुक्यात आणण्याची अक्कल सुचण्यास किती वर्षे जावीत?

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. पडद्यावरचा मंद उजेड विजेच्या साधनांनी वाढवला गेला, काळोखी खोली आणि लाल चष्मा गेला. जपानात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण फार. तेथे शिराकाबे आदी डॉक्टरांनी १९५० नंतर बेरियमच्या जोडीला हवा वापरण्याची पद्धत बारकाईने वाढवली. वायू सोडणारी पूड गिळायची, ढेकर दाबून धरायची, म्हणजे जठर फुग्यासारखे फुगते आणि बेरियमचा पातळ थर भिंतीवरची वळी न् वळी दाखवतो. इतका लहान कर्करोग त्यांना दिसू लागला की तो वेळीच कापून माणूस बरा करता येई.

त्याच सुमारास कुसमाउलची नळीही सुधारली. मोगा गावात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी ह्या भारतीय तरुणाने हॉपकिन्स ह्या आपल्या गुरूबरोबर १९५४ मध्ये लंडनहून निबंध प्रसिद्ध केला. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकवून नेता येते, हे त्यात होते. १९५७ साली बेसिल हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची लवचीक दुर्बीण प्रथम स्वतःच्याच घशात उतरवली. आता छाया वाचण्याऐवजी भिंतच पाहता येऊ लागली, तिचा तुकडाही काढता येऊ लागला. ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल यांनी अशाच तुकड्यांत एक जंतू शोधला. बहुतेक व्रण काळजीने किंवा तिखटाने नव्हे, तर त्या जंतूने होतात हे त्यांनी दाखवले, आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. पूर्वी ज्या व्रणासाठी जठर कापीत, तो आता बहुधा दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. मुरबाडकडचा आमचा एक शेजारी बारा वर्षे करणी उतरवीत होता. बेरियमच्या चित्राने त्याला व्रणाची जागा दाखवली, आणि पुढे ह्या गोळ्यांनी तो व्रण गेला. करणी करणारा सापडला म्हणावयाचा, पण तो डोळ्यांना न दिसणारा!

म्हणून पांढरा पेला निकामी झाला असे कोणी समजू नये. गिळताना घास कोठे अडतो, अन्ननलिका नीट आकुंचन पावते का, जठराचा भाग छातीत सरकला आहे का, अरुंद झालेली जागा किती लांब आहे, ह्या प्रश्नांना तो आजही चांगले उत्तर देतो, कारण तो चालत्या पोटाचे चित्र दाखवतो. मात्र त्याचे नेम आहेत. आतडे फुटल्याचा संशय असेल तर बेरियम देत नाहीत, आयोडिनयुक्त दुसरा द्रव देतात. गरोदर बाईने आधी सांगावे. कारण छातीच्या एका फोटोपेक्षा ह्या तपासणीत किरण कितीतरी पट अधिक लागतात. तपासणीनंतर एक-दोन दिवस शौचास पांढरी होते. घाबरू नये, पाणी भरपूर प्यावे, नाहीतर बेरियम आतड्यात घट्ट होऊन बसते.

आज शहापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. हाडाचा आणि छातीचा फोटो ही आता नवलाची गोष्ट राहिली नाही. रस्ते झाले, घरोघर दिवे आले. पण पोटाच्या आत पाहावयाचे म्हटले, पेल्याने किंवा दुर्बिणीने, की बहुतेकांच्या तोंडी अजून कल्याण, ठाणे आणि मुंबई हीच नावे येतात. जे यंत्र बंदुकीच्या गोळीमागे तीन वर्षांच्या आत सरहद्दीच्या डोंगरांत चढले, त्याला नाणेघाटाच्या पायथ्याशी येण्यास एवढा उशीर का लागावा, हा प्रश्न यंत्राला विचारण्याचा नाही. तो आपणा सर्वांना विचारण्याचा आहे.

तोपर्यंत घरातल्या माणसांनी करण्यासारखे एक काम आहे, त्याला वीज लागत नाही. दिवाळीला सगळे घर एकत्र जेवते. पंगतीत कोण काय खाते याकडे आपण यजमानपणाने पाहतोच. जरा अधिक निरखून पाहावे. आजोबांनी चकली बाजूला सारली, आजीने पुरीऐवजी खीरच मागितली, आणि गेल्या वर्षी असे नव्हते, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. घास अडतो का, वजन उतरले का, शौचास काळी होते का, हे आपलेपणाने विचारावे. आणि उत्तर 'होय' आले तर भाऊबीज आटोपताच डॉक्टरकडे न्यावे. राँटगेनच्या किरणांनी पोटात उजेड पडतो खरा, पण तो दिवा लावण्याची वेळ आली आहे हे प्रथम घरच्यांनाच दिसावे लागते.